घसरणाऱ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास

एका जंगलात, मुलांनो, पाणी खाली होतं आणि तहान वर होती.

म्हणजे असं, की सगळे प्राणी राहायचे वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट माळावर. तिथे गवत होतं, करवंदं होती, वारा होता. पाणी मात्र खाली डोहात. वरून खाली जायचं तर मधला कातळ उतरावा लागायचा. कातळ तिरका. त्याच्या एका भेगेतून झरा पाझरायचा, म्हणून बारा महिने त्यावर हिरवंगार शेवाळ. दिसायला सुंदर. पाय ठेवला की गेला.

दुसरी वाट होती. ती डोंगराला वळसा घालून जायची. पण त्या वाटेनं पाणी पिऊन परत येईपर्यंत पुन्हा तहान लागायची. म्हणून सगळे कातळावरूनच जायचे. बरेचसे नीट उतरायचे. काही घसरायचे.

घसरणाऱ्यांसाठी कातळाच्या पायथ्याशी तानूबाई अस्वल बसायची. ती हाडं बसवायची, जखमा धुवायची, कंबरमोडीचा पाला चुरून रक्त थांबवायची. तिच्या हाताखाली सगुणा नावाची एक साळू होती. साळू म्हणजे साळिंदर, पाठभर काटे असलेलं. ही गोष्ट तिची आहे.

सगुणाचं काम पाला चुरायचं. दुसरं एक काम तिनं आपणहून घेतलं होतं. सकाळी पाण्याला गर्दी झाली, की ती वर चढून कातळाच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "डाव्या अंगानं जा. उजवीकडे फार निसरडं आहे." बरेच जण ऐकायचे. ऐकणारे पडायचे नाहीत, त्यामुळे त्यांना तिचे आभार मानायचं कधी सुचलं नाही. पडून बरे झालेले मात्र तानूबाईला मध आणून द्यायचे आणि सगुणाकडे बघून विचारायचे, "ही कोण?"

सगुणाला त्याचं वाईट वाटायचं. फार नाही, थोडं. पण रोज थोडं.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती. आदल्या उन्हाळ्यात दोन भेकरं एकाच जागी, एकाच तऱ्हेनं पडली होती. दोघांवर तानूबाईनं सारखेच उपचार केले. एक जगलं, एक गेलं. "असं का झालं, मावशी?" सगुणानं विचारलं होतं. "एकेकाचं नशीब," तानूबाई म्हणाली होती. ते उत्तर सगुणाला पुरलं नव्हतं.

अशात नदीपलीकडच्या जंगलातून करकोचे सर आले.

करकोचे सर मोठे विद्वान होते. लांब चोच, लांब मान, पांढरे स्वच्छ पंख. एका पायावर उभं राहून विचार करायची त्यांना सवय होती. बघणाऱ्याला वाटायचं, जमिनीशी संबंध निम्मा केला की बुद्धी दुप्पट होत असावी. सिंहमहाराजांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

सर तानूबाईकडे आले आणि म्हणाले, "जखमी आला की तुम्ही आधी पाला दाबता, की आधी पाण्यानं धुता?"

"जशी जखम असेल तसं," तानूबाई म्हणाली. "रक्त उडत असेल तर दाबते. माती भरली असेल तर धुते."

"आणि दोन्ही असेल तर?"

"मग काय सुचेल ते."

"म्हणजे तुमच्याकडे डेटा नाही."

तानूबाईनं शेजारच्या टोपलीत बघितलं. "पाला आहे," ती म्हणाली. "ते दुसरं संपलं असेल."

सगुणा मात्र कान टवकारून ऐकत होती. सर सांगत होते, की पडणाऱ्यांचे दोन गट करायचे. अर्ध्यांना आधी पाला, अर्ध्यांना आधी पाणी. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे पक्षपात नको. सगळ्यांची नीट नोंद ठेवायची. असे शंभर जण झाले, की खरं उत्तर मिळेल. ते सगळ्या जंगलांना उपयोगी पडेल.

मुलांनो, सरांचा प्रश्न काही खुळा नव्हता. सगुणाला ते गेलेलं भेकरू आठवलं. तिला वाटलं, शेवटी कुणीतरी विचारलं.

सरांना नोंदी ठेवणारं कुणीतरी हवं होतं. लेखणी जिच्या पाठीवरच उगवते, तिच्याइतकं सोयीचं कोण मिळणार? सर सगुणाला म्हणाले, "सगुणाबाई, तुम्ही आमच्या डेटा समन्वयक." तिला जन्मात कुणी सगुणाबाई म्हटलं नव्हतं.

"जा," तानूबाई म्हणाली. "पण पाला कोण चुरणार?"

"थोडेच दिवस, मावशी. शंभर झाले की आलेच."

"शंभर काय?"

"शंभर पडलेले," सगुणा म्हणाली. बोलल्यावर तिलाच ते ऐकायला कसंतरी वाटलं. पण तोवर ती वर निघाली होती.

कातळाच्या तोंडाशी एका जांभळाच्या सावलीत केंद्र उभं राहिलं. तिथून सगळा उतार छान दिसायचा. वर पाटी लागली, 'तातडीचे उपचार संशोधन केंद्र'. तिच्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'येथे उपचार होत नाहीत'.

पहिल्याच सकाळी एक हरिणी पाडसाला घेऊन आली. सगुणा सवयीनं म्हणाली, "डाव्या अंगानं..."

मागून सर खाकरले.

"सगुणाबाई, निरीक्षकानं घटनेत ढवळाढवळ करायची नसते."

"पण सर, ती पडेल."

"पडली तर नोंद करू. तुम्ही बोललात आणि ती पडली नाही, तर ती तुमच्यामुळे वाचली की आपोआप, हे कसं कळणार? डेटा खराब होतो."

सगुणाला उत्तर सुचलं नाही. उत्तर सुचलं नाही की आपलंच चुकलं, असं समजायची तिला सवय होती. ती गप्प बसली. हरिणी पाडसाला अंगाशी धरून हळूहळू खाली गेली, पडली नाही. सगुणानं सुटकेचा श्वास सोडला. सरांनीही सोडला, पण तो निराळा होता.

दुपारी एक चितळ पडला. आधी कुठला पाय सटकला, शेपूट वर होती की खाली, ऊन होतं की सावली, हे सगळं सगुणानं लिहून घेतलं. मग संमतीचा कागद घेऊन ती धावत खाली गेली. चितळाच्या मांडीतून रक्त वाहत होतं. तानूबाई पाला मुठीत धरून उभी होती. चिठ्ठी निघाल्याशिवाय हात लावायचा नाही, असा दरबाराचा हुकूम आला होता.

"आपण या अभ्यासात सहभागी व्हायला तयार आहात का?" सगुणानं विचारलं.

"माझ्या पायातून रक्त येतंय," चितळ म्हणाला.

"हो, अभ्यास त्याबद्दलच आहे."

"मग काहीतरी लाव."

"लावणार ना. आधी एवढं सांगा, की आपण स्वेच्छेनं..."

"बाई, मी इथवर आलो ते स्वेच्छेनं नाही," चितळ म्हणाला. पण त्यानं खूर उमटवून दिला. रक्तातच उमटवला. सरांना ते आवडलं नाही, डाग पडला म्हणून.

असे दिवस जाऊ लागले. तोंडाशी ओरडणारं कुणी राहिलं नाही, त्यामुळे पडणारे वाढले. सर खूश होते. त्यांच्या नदीपलीकडे एवढ्या नोंदी मिळवायला वर्षं लागायची म्हणे.

एकदा एक म्हातारा वानर डोक्यावर पडला. तो बेशुद्ध होता. बेशुद्ध रुग्णाची संमती कशी घ्यायची, हे सगुणाला कळेना. सर म्हणाले, जवळच्या नातेवाइकाची घ्या. निरोप गेला. अख्खी टोळी आली. सगळ्यात जवळचा कोण, यावरून त्यांचं भांडण लागलं. मुलगा म्हणाला मी, भाऊ म्हणाला मी, आणि ज्या वानरिणीला खरं तर विचारायला हवं होतं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला कुणी विचारलं नाही. तानूबाई दोनदा पुढे झाली आणि दोनदा सगुणाकडे बघून थांबली. अखेर भावानं पंजा उमटवला. तोवर वानर गेला होता.

ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणी होती. सगुणानं सरांना विचारलं, "वानराचं काय लिहू?"

"तपासणीला आला का?"

"सर, तो गेला."

"म्हणजे आला नाही."

"तो मेला, सर."

"सगुणाबाई, तपासणीला येणारा आपल्याला दिसतो, न येणारा दिसत नाही. न दिसणाऱ्याबद्दल आपण ठाम विधान करत नाही. लिहा, संपर्क तुटला."

सगुणानं पाठीवरचा काटा उपटला आणि लिहिलं, 'संपर्क तुटला'. अक्षर तिचं फार सुरेख होतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सर सहज बोलता बोलता म्हणाले, की अहवालावर पहिलं नाव त्यांचं असेल आणि दुसरं तिचं. त्या दिवशी ती जेवली.

महिन्याच्या अखेरीला डेटा स्वच्छ करायचा असतो. केर काढल्यासारखं ते काम. अर्धवट नोंदी काढून टाकायच्या. संपर्क तुटलेले म्हणजे अर्धवटच. त्या काढल्या, की राहिलेल्या नोंदींत सगळे जिवंत. त्यांच्या जागी नवे पडणारे घ्यायचे, शंभर भरायला हवेत ना. केंद्राचे आकडे दर महिन्याला असे स्वच्छ होत गेले, आणि दरबारात करकोचे सरांचं नाव होत गेलं.

मग पारू डुकरीण पडली.

तिचा नवरा धोंडू. रानडुक्कर. अंगानं आडदांड, बोलायला तुटक. पारूच्या चिठ्ठीत 'पाणी आधी' निघालं. धुवायला वेळ गेला, रक्त फार गेलं. ती वाचली, पण मागचा पाय कायमचा अधू झाला. धोंडू केंद्रावर आला.

"बाई," तो सगुणाला म्हणाला, "पाला आधी लावला असता तर तिचा पाय राहिला असता का?"

"तेच तर आम्ही शोधतोय, धोंडूभाऊ."

"कधी सापडेल?"

"शंभर झाले की."

धोंडूनं उताराकडे बघितलं. "शोधा तुम्ही," तो म्हणाला. "मी तोवर दुसरं काहीतरी बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या तो आपलं सगळं गणगोत घेऊन आला. त्यांनी सुळ्यांनी शेवाळ खरवडलं. झऱ्याच्या तोंडाशी चिखलाचा बांध घालून पाणी एका कडेनं वळवलं. सड्यावरचे दगड लोटत आणून कातळाच्या भेगांत ठोकून बसवले. काम अगदी ओबडधोबड होतं. डुकरांचंच ते. पण दुपारच्या उन्हानं कातळ वाळला, आणि संध्याकाळी हरिणीचं पाडस त्यावरून उड्या मारत पाण्यावर जाऊन आलं.

त्यानंतर कुणी पडेना.

सड्यावर आनंदीआनंद झाला. तानूबाई कित्येक वर्षांनी उन्हात पाठ टेकून झोपली. सगुणाही खूश झाली. पहिल्या दिवशी झाली, दुसऱ्या दिवशीही झाली. मग ती कागद समोर घेऊन नुसती बसून राहू लागली. एका सकाळी एक ससा दगडावर अडखळला, आणि सगुणा काटा सरसावून अर्धी उठली. ससा सावरला, निघून गेला. सगुणा तशीच उभी राहिली. आपल्याला आत्ता काय वाटलं होतं, ते तिच्या ध्यानात आलं. साळूचे काटे भीतीनं उभे राहतात. मघा तिचे काटे उभे राहिले होते, ते भीतीनं नव्हते.

सरांनी बैठक बोलावली. बैठकीला सर होते आणि सगुणा होती.

"इतक्या कष्टानं उभा केलेला अभ्यास," सर म्हणाले, "एका डुकरानं एका दिवसात उधळला."

"पण सर, कुणी पडत नाही आता. चांगलंच झालं की."

"कुणाचं चांगलं झालं?"

"सगळ्यांचं."

सरांनी एक पाय पोटाशी घेतला. "सगुणाबाई, तुम्ही भावनेनं बोलताय. या जंगलात आज कुणी पडत नाही. ठीक आहे. पण इतर जंगलांत पडतात. पुढेही पडतील. त्यांच्यावर काय उपचार करायचे, हे त्यांना कोण सांगणार? इथल्या मूठभरांच्या सोयीसाठी तिथल्या हजारोंना अज्ञानात ठेवायचं? आपल्याला थोडेच हवेत. एकदा शंभर झाले, की दगड परत लावू. आणखी पक्के लावू."

सगुणाला ते गेलेलं भेकरू पुन्हा आठवलं. मघापासून मनात जे टोचत होतं, त्यावर ते भेकरू ठेवलं की टोचायचं थांबत होतं.

दरबारातून हुकूम आला. त्यात 'दगड काढा' असं कुठे नव्हतं. 'मूळ परिस्थितीची पुनर्स्थापना' असं होतं. गव्यांनी येऊन दगड उपटले, बांध फोडला. धोंडू बाजूला उभा राहून बघत होता. सगुणा त्याच्यापाशी गेली.

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, धोंडूभाऊ. तोवर सगळ्यांनी वळशाच्या वाटेनं जावं."

"पारू लंगडते. तिला वळसा झेपेल?"

सगुणा उपटलेल्या दगडांकडे बघू लागली.

"आधी इथे वर उभी राहून एक साळू ओरडायची," धोंडू म्हणाला. "डाव्या अंगानं जा म्हणून. ती तूच ना?"

"मीच."

"आवाज ओळखू आला नाही," असं म्हणून तो निघून गेला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच ओळखू आला नव्हता.

आता पंचाईत अशी झाली, की खरवडलेलं शेवाळ लवकर धरेना. सरांनी बगळ्यांना कामाला लावलं. ते चोचीचोचीनं पाणी आणून कातळावर शिंपडायचे, उजवीकडेही आणि डावीकडेही. वरून फांद्यांची सावली केली. शेवाळ असं फोफावलं, की पूर्वी कधी नव्हतं. आणि लोक पुन्हा पडू लागले. वळशानं जा म्हणणं सोपं असतं, मुलांनो, पण वैशाखातली तहान वळसा घालायला तयार नसते.

तानूबाईकडे जखमींची रांग लागली. एकटीनं पाला चुरायचा, एकटीनं हाडं बसवायची. एका सकाळी ती कातळ चढून केंद्रावर आली. पंज्यांची नखं शेवाळात रोवत, धापा टाकत. सगुणाशी ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

"सगुणे, चल खाली. माझ्या एकटीच्यानं होत नाही."

"येते, मावशी. आता फक्त तीन राहिले."

"तीन काय?"

सगुणानं मान खाली घातली. तानूबाई म्हणाली, "बरं. तुझं झालं की ये," आणि वळली.

ती नेहमीसारखी डाव्या अंगानं निघाली. डावीकडचं शेवाळ आता उजवीकडच्याहून दाट होतं. हे तानूबाईला माहीत नव्हतं. चढताना ती मधून आली होती. सगुणाला माहीत होतं. मागच्या आठ दिवसांत जे पडले, त्यातले जास्त डावीकडे पडले होते, तिनंच लिहून घेतलं होतं. तिनं तोंड उघडलं. सर शेजारीच उभे होते. ते खाकरले नाहीत, काही नाही. नुसते उभे होते.

सगुणानं तोंड मिटलं.

तानूबाईचा पाय सटकला. एवढं जड शरीर, ते कातळावरून आपटत आपटत खाली गेलं आणि दगडांत थांबलं.

सगुणा धावली. अर्धा कातळ ती धावत उतरली आणि अर्धा घसरत. तानूबाईचा उजवा पंजा दोन दगडांत चेचला होता. रक्त उडत होतं, जखमेत मातीही भरली होती. सगुणानं पाला तोंडात कोंबला, कचाकचा चावला आणि जखमेवर धरून सगळ्या अंगाचा भार टाकला.

सर पंख फडफडवत खाली आले. "सगुणाबाई, चिठ्ठी?"

"नंतर, सर."

"नंतर काढलेली चिठ्ठी ग्राह्य धरत नाहीत."

"नका धरू."

"संमती तरी?"

तानूबाईनं डोळे किलकिले केले. "माझी संमती आहे," ती हळूच म्हणाली. "ह्यांना जरा गप्प बसवायला."

रक्त थांबलं. मग सगुणानं जखम धुतली. तानूबाई वाचली. उजवा पंजा मात्र कामातून गेला. त्याच पंज्यानं ती हाडं बसवायची.

दोन दिवसांनी ती उठून बसली, तेव्हा सगुणा म्हणाली, "मावशी, डावीकडे निसरडं झालंय, हे मला माहीत होतं. मी बोलले नाही."

तानूबाईनं टोपलीतला पाला डाव्या पंज्यानं चिवडून बघितला. "पाला बारीक चूर," ती म्हणाली. "जाडाभरडा राहतोय." त्या दिवशी आणखी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सगुणाला जवळ बोलावलं आणि खांदा निखळला तर कुठे धरायचं, ते डाव्या पंज्यानं दाखवलं.

सगुणा वर परत गेली नाही. तिच्या जागी एक सरडा आला. तो काम चोख करायचा. सर काहीही म्हणाले तरी मान हलवायचा, आणि सरड्याची मान वरखालीच हलते. तानूबाईची नोंद नियमभंगामुळे बाद झाली. कागदोपत्री ती पडलीच नव्हती. तिच्याऐवजी आणखी एक कुणीतरी लागणार होतं. ते मिळालं. उरलेलेही मिळाले.

आता मुलांनो, तुम्ही वाट बघत असाल, की करकोचे सर एक दिवस कातळावर येतील, त्यांचा पाय घसरेल आणि त्यांना चांगली अद्दल घडेल. गोष्टीत असंच व्हायला हवं, हे मलाही कळतं. पण सर करकोचा होते. त्यांना पंख होते. ते आले तेव्हा उडत आले, रोज पाण्यावर गेले तेव्हा उडत गेले. कातळावर त्यांनी पाऊल कधी ठेवलंच नव्हतं, तर घसरणार कसं?

अहवालाच्या दिवशी दरबार भरला. सगुणाही गेली आणि मागे उभी राहिली. सरांनी वाचून दाखवलं. पाला आधी घेतलेले सगळेच्या सगळे वाचले. पाणी आधी घेतलेलेही सगळेच्या सगळे वाचले. त्यामुळे दोन्हींत फरक आढळला नाही. अधिक संशोधनाची गरज आहे.

टाळ्या झाल्या. महाराजांना पाणी गुहेतच यायचं. कातळ त्यांनी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "एवढे पडले आणि एकही दगावला नाही. आमच्या राज्याला हे भूषण आहे."

"दगावले, महाराज," मागून सगुणा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. ती पुढे झाली. "तो म्हातारा वानर गेला. दोन हरणं गेली. ससे तर किती गेले. मी तिथेच होते."

सर रागावले नाहीत. उलट मायेनं म्हणाले, "या आमच्या माजी कर्मचारी. कामाचा ताण फार होता त्यांना. सगुणाबाई, वानराची नोंद काढतो." त्यांनी कागद काढून महाराजांपुढे धरला. "इथे 'मृत्यू' लिहिलंय का?"

महाराजांनी बघितलं. "संपर्क तुटला," त्यांनी वाचलं. "अक्षर सुंदर आहे. कुणाचं?"

सरड्यानं मान हलवली. पण त्यावरून काही कळेना, म्हणून सगळे सगुणाकडे बघू लागले.

"माझं," सगुणा म्हणाली.

मग पुढे बोलण्यासारखं राहिलं नाही. सरांनी आभाराचा परिच्छेद वाचला. त्यात महाराजांचे आभार होते, गव्यांचे होते, बगळ्यांचे होते. 'अनुकूल नैसर्गिक परिस्थितीबद्दल' शेवाळाचेही होते. अभ्यासाचा दुसरा टप्पा तिथल्या तिथे मंजूर झाला. तुलनेसाठी वळशाच्या वाटेवरही शेवाळ लावायचं ठरलं.

सगुणा दरबारातून निघाली. वाटेत धोंडू भेटला. पारूसाठी भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून, तोंडात धरून तो चालला होता. त्यानं तुंबा खाली ठेवला.

"काय निघालं त्या अभ्यासात?"

"सगळे वाचले."

धोंडू विचारात पडला. "मग मेले ते कोण होते?"

"ते तपासणीला आले नाहीत," सगुणा म्हणाली.

धोंडूनं तुंबा उचलला. सांडू नये म्हणून सगुणानं दुसऱ्या बाजूनं हात लावला, आणि दोघं पारूकडे निघाली.

तात्पर्य: निसरड्या वाटेवर दगड बसवणाऱ्यांना वेळीच आवरावं, त्यांच्यामुळे जनतेची सोय होते आणि ज्ञानाचा खोळंबा. आणि मुलांनो, मरण आलंच, तर ते पुढच्या तपासणीच्या तारखेआधी यावं. म्हणजे कुणाच्याही उपचारात खोट निघत नाही.